बोट कुठल्या बटणावर

इंगुन हाउगलँडला आस्गरचा संशय पहिल्याच दिवशी आला. फेब्रुवारीत हा डॅनिश सहवैमानिक बर्गनच्या हँगरमध्ये रुजू झाला, सगळ्यांशी हात मिळवला, आणि इंगुनशी हात मिळवताना तिच्याकडे अंमळ जास्तच वेळ बघत राहिला. बस्स, तेवढं पुरलं. हा माझ्यावर नजर ठेवायला आलाय, असं तिने मनाशी पक्कं केलं. आणि बाईने एकदा काही पक्कं केलं की ते हलवायला क्रेन आणावी लागायची.

तसं अगदीच कारण नव्हतं असंही नाही. सॅल्मन माशांची शेती करून गब्बर झालेल्या मोन्स त्वाइटची दोन छोटी जेट विमानं होती, आणि त्यातलं एक उन्हाळ्यात विकायचं ठरलं होतं. कॅप्टन तीन: मुख्य वैमानिक स्टाइनार, ओड्वार आणि इंगुन. एक विमान गेलं की एक कॅप्टन जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. स्टाइनार काही स्वतःला काढणार नव्हता. उरले दोघं. आणि नेमकं याच वेळी या पठ्ठ्याने बाहेरून एक नवा माणूस आणून इंगुनशेजारी बसवला.

"कसं चाललंय, ते मी आस्गरला विचारत असतो अधूनमधून," असं स्टाइनार एकदा जाता जाता म्हणालाही होता. म्हणजे झालंच की.

इंगुनचं वय त्रेपन्न. डावीकडची खुर्ची, कॅप्टनची, तिला मिळाली होती ती एकोणीस वर्षं उजवीकडे बसून, मालकांच्या बॅगा उचलून, त्यांच्या उलट्या पुसून. ती गेली तर या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? "ऑफिसात बसून उड्डाणं आखायचं काम आहे की," असं स्टाइनारने सुचवून ठेवलं होतं. इंगुनला ते नको होतं. साफ नको होतं. खिडकीतून दुसऱ्यांची विमानं उडताना बघत बसण्यापेक्षा मी माशांना खाद्य टाकीन, असं ती ओड्वारला म्हणाली होती.

ओड्वार हसला होता. "कशाला घाबरतेस? डॅनिश आहे तो. तोंडात उकडलेला बटाटा ठेवून बोलतात ही माणसं. त्याने चुगली केली तरी स्टाइनारला कळणार आहे का, काय म्हणाला ते?"

ओड्वारला हसायला काय जातं, असं तिला वाटलं. तेव्हापासून तिला ओड्वारचाही थोडा संशय यायला लागला.

त्या एप्रिलच्या सकाळी बार्सेलोनात पाणी कुठे मुरतंय ते तिला डोळ्यांनी दिसलं. मोन्स मासळीच्या मोठ्या प्रदर्शनाला आला होता, आणि दुपारी त्याला दोन पाहुण्यांसकट बर्गनला न्यायचं होतं. इंगुन विमानापाशी पोचली तर आस्गर आधीच येऊन बसला होता. ती धावपट्टीकडच्या बाजूने चालत येत होती तेव्हा विमानातले सगळे दिवे एकदम गेले. थोड्या वेळाने सगळे परत लागले. जिना चढून ती आत डोकावली, तर हा उजव्या खुर्चीत पाठमोरा, कानाला फोन लावून हळू आवाजात काहीतरी बोलतोय. तिची चाहूल लागताच त्याने फोन ठेवला.

"कुणाचा फोन?"

"घरचा."

"सगळे बरे ना?"

"बरे आहेत."

"आणि विमान बंद का केलं होतंस?"

"कॉफीचं मशीन अडलं होतं. बंद करून चालू केलं. आता चालतंय."

आता हे कुणाला सांगायचं? मिक्सर अडला म्हणून कुणी गावाची वीज तोडतं का? कॉफीच्या मशीनसाठी अख्खं विमान बंद करत नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. नवीन विमान म्हणजे एक मोठा कॉम्प्युटरच. कसली तरी पिवळी अक्षरं पडद्यावर आली की बंद करून चालू करायचं, अक्षरं गेली तर पाहुण्यांना चढवायचं, हे या धंद्यात सगळेच करतात. इंगुनने एकच प्रश्न विचारायला हवा होता: अक्षरं कसली होती? पण तिचं डोकं भलतीकडेच पळालं. मागच्या आठवड्यात बिलुंडला वाऱ्यात तिचं विमान जरा आपटलं होतं. त्याची नोंद विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये असणार. हा तीच काढत होता आणि फोनवरून स्टाइनारला वाचून दाखवत होता. विचारलं असतं तर आपण घाबरलोय हे त्याला कळलं असतं. म्हणून तिने विचारलं नाही.

बिघाडांच्या वहीत तर बघायचं कारणच नव्हतं. ती कोरी असणार. परमुलखात काही लिहिलं की विमान तिथेच अडकतं, मेकॅनिक बोलवा, हॉटेलं बघा, मालक फोनवर ओरडणार. म्हणून मालकांची विमानं जाताना कधीच बिघडत नाहीत. बिघडतात ती नेहमी घरी परतताना. बर्गनला चाकं टेकली की मग वही उघडायची. इंगुन स्वतः वर्षानुवर्षं असंच करत आली होती. शेपटीतलं छोटं इंजिन, उभ्या विमानाला वीज देणारं, तेवढं मात्र आठवडाभर रीतसर बंद होतं. त्याचा सुटा भाग यायचा होता. त्याच्याशिवाय उडायला परवानगी होती. दोन मोठ्या इंजिनांवर दोन जनरेटर असतात, एक गेला तर दुसरा पुरतो. दोन्ही एकदम कशाला जातील?

मोन्स आला तो रबरी बूट घालूनच, जसा जगात सगळीकडे जायचा. "इंगुन, घरी पाऊस आहे का?"

"घर बर्गनला आहे, मोन्स. तिथे कधी नसतो?"

"नुसतं विचारलं," तो म्हणाला आणि मागे जाऊन बसला. आस्गरने बॅगा लावल्या, पाहुण्यांना कोळंबीच्या थाळ्या दिल्या, आणि ती दोघं उडाली.

विमान इंगुन चालवत होती. रेडिओ, बिघाडात काय करायचं ती कार्डं वाचणं आणि बटणं हे आस्गरकडे. फ्रान्स संपला, जर्मनीचा किनारा ढगांखालून गेला, आणि दोघांत कामाखेरीज अवाक्षर नाही. तिने डबा काढला, कागदात गुंडाळलेले पावाचे तुकडे, वर तपकिरी चीज. ती ते एकटीने खात होती. शेजारच्याला तुकडा पुढे करायची रीत असते, पण तिने केला नाही. त्याने बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

"तुला इथे आवडतं का?" तिने मध्येच विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण सहज नव्हतं.

"आवडतं."

"स्टाइनारला काय काय सांगतोस?"

आस्गरची मान वळली. "काय सांगणार?"

"ते मी कसं सांगू? तू सांगतोस, मी नाही."

"मी काही सांगत नाही," तो म्हणाला, आणि इतका सावकाश म्हणाला की तिची खात्रीच पटली. "तू सांगतेस का काही?"

"मी? मी कुणाला काय सांगणार?"

"सहज विचारलं," आस्गर म्हणाला.

आणि तेवढ्यात घंटा वाजली. पडद्याच्या कडेला पिवळी अक्षरं आली: डावा जनरेटर, तेल तापलं.

इंगुनने आधी अक्षरांकडे बघितलं आणि लगेच आस्गरकडे. तो दचकला नव्हता. माणूस दचकतो, शिवी घालतो, निदान "हे काय" तरी म्हणतो. हा नुसता पांढरा पडला, वाटच बघत असल्यासारखा.

"कार्ड वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. तापलेला जनरेटर इंजिनापासून तोडायचा, नाहीतर त्याचे तुकडे इंजिनात जातात. त्यासाठी डोक्यावर दोन बटणं असतात, डाव्याचं आणि उजव्याचं, शेजारी शेजारी, लाल झाकणांखाली. हे बटण एकदा दाबलं की हवेत परत जोडता येत नाही. जमिनीवर मेकॅनिकने झाकण उघडून हाताने जोडावं लागतं. म्हणून अशा बटणांसाठी नियम आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. एकाने बोट ठेवायचं, तोंडाने नाव घ्यायचं, थांबायचं. दुसऱ्याने बोटाकडे बघायचं आणि "बरोबर" म्हणायचं. मगच दाबायचं. नव्या पोरांना इंगुन स्वतः शिकवायची: माणसावर विश्वास ठेवा रे, पण त्याच्या बोटावर ठेवू नका.

आस्गरने हात वर नेला, झाकण उचललं. "डावा जनरेटर, तोडतोय. बघ."

इंगुन बघत होती. त्याच्या तोंडाकडे बघत होती. ओठ कोरडे पडलेले, नजर तिच्यावर खिळलेली. हा माझी परीक्षा घेतोय, तिला वाटलं. मी किती वेळ लावते, चाचरते का, हे सगळं बर्गनला पोचणार. ती अजिबात चाचरली नाही.

"बरोबर," ती म्हणाली.

त्याने दाबलं, आणि उजवा जनरेटर गेला.

पुढचं सगळं फार शांतपणे घडलं, याचाच तिला नंतर राग यायचा. काही फुटलं नाही, काही जळलं नाही. अख्ख्या विमानाचा भार त्या आधीच तापलेल्या डाव्या जनरेटरवर पडला. त्याने जेमतेम मिनिटभर ओढलं आणि मग स्वतःच इंजिनापासून सुटून मोकळा झाला. मोठे पडदे काळे झाले. स्वयंचलित यंत्रणा सुटली, आणि विमानाचं सगळं वजन इंगुनच्या हातात आलं. उरला मधला हाताच्या तळव्याएवढा पडदा, एक रेडिओ, आणि बॅटरी, तीही अर्ध्या तासापुरती. इंजिनं मात्र जणू काही झालंच नाही अशी चालू होती.

"काय केलंस तू?" ती म्हणाली.

आस्गरने वर बघितलं. त्याचं बोट अजून तिथेच होतं, उजव्या बटणावर. "तू बरोबर म्हणालीस," तो पुटपुटला.

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच तिला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

मागचं दार सरकलं आणि मोन्सचं डोकं आत आलं. "कॉफीचं मशीन बंद पडलंय. आणि दिवे पण. फ्यूज उडाला का?"

"बस जाऊन, मोन्स. पट्टा बांध. पाहुण्यांचेही बांध."

"कॉफी..."

"मोन्स," इंगुन म्हणाली, "विमान पडलं तर कॉफी सांडेल."

तो जन्मात पहिल्यांदा सांगितल्याबरोबर गेला.

आता कुठे जायचं? तिच्या मनात बर्गन नाही तर स्टावांगर, आपला किनारा, आपली माणसं. पण तिथे ढग पार पाण्यापर्यंत टेकलेले होते, आणि ढगात उतरायला जे जे लागतं ते सगळं काळं पडलं होतं.

"ऑलबोर्गला चल," आस्गर म्हणाला. "उजवीकडे वळ. तिकडे आभाळ मोकळं आहे, मी आत्ताच हवामान ऐकलंय. धावपट्टी लांब आहे."

ऑलबोर्ग त्याचं गाव. म्हणजे पुन्हा तिच्या मनात पाल चुकचुकलीच. याचं गाव, याची माणसं, उतरल्यावर कोण कुणाची बाजू घेणार? काळे पडलेले पडदे समोर आणि बाई असला विचार करतेय. पण केला खरा. मग तिने खाली पश्चिमेकडे बघितलं, तिथे राखाडी भिंत होती. पूर्वेकडे बघितलं, तिथे समुद्रावर ऊन पडलं होतं.

"नक्की माहीत आहे ना तुला?"

"पंधराव्या वर्षी तिथे बिनइंजिनाच्या विमानात शिकलोय मी. लिमफ्योर्डची खाडी दिसली की पुढचं डोळे मिटून सांगेन."

"डोळे मिटू नकोस," ती म्हणाली आणि वळली.

मग दोघं जे करायचं ते करायला लागली. त्याने रेडिओवर एकदाच सगळं सांगितलं आणि बॅटरी वाचवायला तोही बंद केला. कार्ड गुडघ्यावर घेऊन तो एकेक गोष्ट वाचे, बोट ठेवी, थांबे. इंगुन त्या बोटाकडे असं बघे जसं काही ते सापाचं डोकं आहे. "कुठलं? पुन्हा सांग." तो पुन्हा सांगे. "बरोबर. दाब." थोड्या वेळाने त्याला काही सांगावंच लागेना, तो आपणच दोनदा म्हणायला लागला. किनारा आला, शेतं आली, मग फ्योर्डचं चकचकीत पाणी शहरातून वाहताना दिसलं.

"ते चिमणीवालं दिसतंय?" आस्गर म्हणाला. "सिमेंटचा कारखाना. तो उजवीकडे ठेव. आता हळूहळू डावीकडे. अजून. आता समोर."

समोर धावपट्टी होती. चाकं त्याने तळाशी असलेला दांडा ओढून नुसती वजनाने खाली पाडली. ती पडल्याचा आवाज आला, पण हिरवा दिवा लागायला वीजच शिल्लक नव्हती. छोटा पडदाही आता मिणमिणत होता. पंखांच्या मागच्या झडपा उघडत नव्हत्या, म्हणजे नेहमीपेक्षा खूपच वेगाने टेकायचं होतं. इंगुनला मरायचं नव्हतं, आणि तितक्याच जोरात तिला वाटत होतं की हे आता बिलुंडसारखं आपटलेलंही चालणार नाही. तिने ते टेकवलं. एक टायर फुटला, मग दुसरा. विमान लंगडत, धडधडत धावपट्टीच्या टोकाजवळ थांबलं.

मग मागून मोन्सचा आवाज आला. "उतरलो का?"

"उतरलो," आस्गर म्हणाला. "पण बर्गन नाही."

"ते दिसतंय. ऊन आहे," मोन्स म्हणाला.

प्रवाशांना गाडीत घालून नेलं. अग्निशमनवाले फुटलेल्या टायरांभोवती फिरत होते. इंगुन आणि आस्गर पंखाच्या टोकापाशी उभी होती. वारा चांगलाच बोचरा होता, पण दोघांपैकी कुणालाही आत जायचं नव्हतं.

"तू दचकला का नाहीस?" तिने विचारलं. "अक्षरं आली तेव्हा."

आस्गर विमानाकडे बघत म्हणाला, "कारण मी ती आधी बघितली होती. ओड्वारबरोबर दोनदा. बंद करून चालू केलं की जायची. तो म्हणाला, घरी गेल्यावर लिहू. घरी गेल्यावर म्हणाला, आता नाहीत ना, मग काय लिहायचं? आज सकाळी पुन्हा आली. मी बंद करून चालू केलं."

"आणि तो फोन?"

"ओड्वारला केला. म्हटलं, तू तिला सांग, नाहीतर मी सांगतो. तो म्हणाला, आज घरीच येताय ना, आल्यावर लिहू."

"मग तू का नाही सांगितलंस? मी शेजारी बसले होते तुझ्या. चार देश ओलांडले आपण."

"तू स्टाइनारची माणूस आहेस, असं मला वाटलं," आस्गर म्हणाला. "आल्यापासून तू माझ्याकडे बघत असतेस. मी काय करतो, कुणाशी बोलतो. मी अजून कच्चा आहे नोकरीत. म्हटलं, बिघाड लपवला म्हणून ही मलाच घालवेल. तू डब्यातला तुकडासुद्धा कधी पुढे केला नाहीस."

इंगुनला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती म्हणून तो लपवत होता, आणि तो लपवत होता म्हणून ती बघत होती. आणि त्या एका क्षणी, जेव्हा बघायला हवं होतं, तेव्हा दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. बोटाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, खुद्द बोटाच्या मालकाचंही नाही.

तिचा फोन वाजला. स्टाइनार.

"इंगुन, सगळे धड आहात ना? देवा. मोन्सशी बोललो मी आत्ता. तो म्हणतो, तू काळ्या पडद्यांवर विमान उतरवलंस. ऐक, मी फार वेळ घेत नाही. डावा तापला होता हे टॉवरने कळवलं, पण उजवा कसा गेला?"

"तोडला."

"चुकीचा तोडला. कुणी दाबलं बटण? त्या डॅनिश माणसाने ना? मला वाटलंच. हे बघ, तो अजून परीक्षेच्या काळात आहे, त्याला आज संध्याकाळीच मोकळा करता येईल. तू मला एवढंच सांग की तू बघितलंस तेव्हा बोट डाव्यावर होतं आणि दाबताना त्याने हलवलं. आवाजाच्या रेकॉर्डमध्ये तुझं 'बरोबर' येईल, पण डोळे काही रेकॉर्ड होत नाहीत. मोन्स तुझ्यावर जाम खूश आहे. उन्हाळ्यातल्या त्या खुर्चीचा प्रश्न मग उरतच नाही. कळतंय ना?"

कळत होतं. इतकं सरळ तिच्याशी स्टाइनार कित्येक वर्षांत बोलला नव्हता. तिने फोन छातीशी धरला. वाऱ्यात फोनमधला आवाज शेजारपर्यंत गेला असणार, कारण आस्गर म्हणाला, "सांग तसं. बोट हललं असेल. मला आठवतच नाही."

आणि लगेच, सवयीने, तिच्या मनात आलं: हा असं का म्हणतोय? याला काय हवंय? उद्या फिरेल का? तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली, ओठांवर, डोळ्यांत काहीतरी शोधायला. पुन्हा तेच. तिला स्वतःचीच किळस आली.

तिने खाली बघितलं. त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, तो पुन्हा भलतीकडे जाईल अशा भीतीने. या हाताने मोन्सच्या पाहुण्यांना थाळ्या दिल्या होत्या, चाकं पाडली होती, फ्योर्ड दाखवला होता. फेब्रुवारीपासून तो तिच्या शेजारी होता आणि तिने त्या हाताकडे आज पहिल्यांदा बघितलं.

तिने फोन कानाला लावला.

"स्टाइनार, बोट हललं नाही. ते पहिल्यापासून उजव्यावरच होतं."

"तू बघितलंस ते?"

"नाही. मी बघितलंच नाही. न बघता बरोबर म्हणाले."

"मग काय बघत होतीस?"

"त्याचं तोंड," इंगुन म्हणाली. "मला वाटत होतं तू त्याला माझ्यावर बसवलंयस. महिनोन् महिने तेच बघत होते. हे असंच लिही. आणि ओड्वारला विचार, डाव्या जनरेटरबद्दल त्याला कधीपासून माहीत होतं. आणि मीही आजवर किती बिघाड घरी येईपर्यंत दाबून ठेवले, तेही विचार मला. सगळं सांगते."

"तुला कळतंय ना तू काय म्हणतेयस? त्या खुर्चीचं काय होईल?"

"कळतंय."

तो आणखी काहीतरी बोलत होता, पण तिने फोन बंद केला. डावीकडची ती खुर्ची खिडकीतून दिसत होती, तिच्या पाठीने झिजलेलं कातडं, आणि तिला धाय मोकलून रडावंसं वाटलं. ती रडली नाही.

मग तिने कोटाच्या खिशातून डबा काढला. दोन तुकडे उरले होते. एक त्याच्यापुढे धरला.

आस्गरने तो घेतला, पण खाल्ला नाही. वरचा कागद उचलला, आत काय आहे ते वाकून नीट बघितलं.

"बघितलंस?" इंगुन म्हणाली.

"बघितलं," आस्गर म्हणाला. "तपकिरी चीज. बरोबर."

"मग खा," ती म्हणाली. त्याने दोन्ही हातांनी तुकडा धरून खाल्ला.